त्या दिवसाचा कागद आधी

अनेक आशीर्वाद.

जर्मन कवी गटेचं इटलीच्या प्रवासावरचं पुस्तक एक सांगतं, त्याचं चित्र दुसरंच दाखवतं, दप्तरातली नोंद तिसरंच. मग धरू तरी काय, असं विचारतेस. वैतागलीस ते कळलं. पण या तिघांचा मेळ घालायला तुला सांगितलं कोणी?

त्या दिवसाचा कागद आधी. इटलीचा प्रवास १७८६ ते १७८८चा. पुस्तकाचे पहिले दोन भाग आले १८१६-१७ मध्ये. साठी उलटलेल्या माणसाने सदतिशीतल्या स्वतःला नीटनेटकं करून मांडलंय. रोमला पोचेपर्यंत त्याने जिवलग मैत्रीण शार्लोट फोन श्टाइनसाठी लिहिलेली रोजनिशी शिल्लक आहे. ती वाच. पुस्तक नंतर.

रोमच्या चर्चची नोंदवही घे: फिलिप्पो मिलर, जर्मन, चित्रकार, वय ३२. हाच आपला गटे! नाव खोटं, धंदा अर्धा खोटा (चित्रं काढायचा तो), वय पाच वर्षांनी कमी. तू म्हणशील, कागदही खोटंच बोलतो की. बोलू दे. ते त्या दिवशीचं खोटं आहे, आणि नाव लपवून राहणाऱ्या माणसाचं तेच आपल्याला हवंय.

फ्रांकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयातल्या टिशबाइन या त्याच्या चित्रकार मित्राने काढलेल्या गटेच्या भल्यामोठ्या चित्रापुढे तू बराच वेळ उभी होतीस म्हणे. पांढरा झगा, रुंद हॅट, सगळं झकास. दोन्ही पावलं डावी दिसतात, ते पाहिलंस का? त्यापेक्षा टिशबाइननेच काढलेलं छोटं चित्र बघ: रोमच्या कोर्सो रस्त्यावरच्या खोलीच्या खिडकीतून वाकून रस्ता न्याहाळणारा गटे, पाठमोरा, पायात सपाता. मिरवायला कोणी पाठ दाखवत नाही गं.

नेपल्स-सिसिलीचे बहुतेक मूळ कागद मात्र गटेने स्वतःच नष्ट केले. मला अजून राग येतो. तिथे त्याने सोबत नेलेल्या क्नीप या चित्रकाराची रेखाटनं धर.

‘इतकी वर्षं कागद चाळलेत, पुस्तक कुठंय?’ असं मलाही ऐकवतात. बरोबरीच्यांची तीन-तीन झाली, सगळी गटेच्या पुस्तकावरून पुस्तक. मला तसलं लिहायचं नव्हतं, नाही लिहिलं. खंत एवढीच, की जुनी जर्मन हस्तलिपी पन्नाशीत शिकलो. तू आत्ताच शीक. तक्ता सोबत जोडलाय.

पुढच्या पत्रात प्रश्न नकोत. सप्टेंबर १७८६ची रोजनिशी आणि पुस्तक शेजारी ठेवून काय काय गाळलंय, तेवढं उतरवून पाठव.