कयाकचं रेझिन : ५,८०० रुपये वाचवावेत का?

प्रश्न : १६ फुटी कयाक (वल्हवायची अरुंद होडी) घरीच बांधतोय. मरीन प्लाय आणि ग्लास क्लॉथवर (काचेच्या धाग्यांचं कापड) २४,००० रुपये गेले. क्लॉथ प्लायवर चिकटवायचं पॉलिएस्टर रेझिन २२० रुपये किलो, तर इपॉक्सी रेझिन, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरसह, ८०० रुपये. आरडी नोव्हेंबरात संपते. आताच मोडू, की पॉलिएस्टरवर भागवू? (ऐरोली)

उत्तर : दोन्ही नको. नोव्हेंबरपर्यंत थांबा आणि इपॉक्सी घ्या.

४ मिलिमीटर प्लायच्या अशा कयाकला सांधे, आतबाहेरचा २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) क्लॉथ आणि वाया जाणारं धरून साधारण १० किलो रेझिन लागतं. म्हणजे वाद ५,८०० रुपयांचा. फायबरच्या बोटींना पॉलिएस्टर उत्तम चालतं, पण लाकडावर त्याची पकड कच्ची. घट्ट होताना ते आक्रसतं. पुढे प्लाय ओलाव्याने फुगला की क्लॉथ पापुद्र्यासारखा सुटतो, आत पाणी अडकतं आणि प्लाय कुजतो. तेव्हा पणाला लागतात ते तुमचे २४,०००.

दुकानात नुसतं ‘इपॉक्सी’ मागू नका. टेबलात जाड ओतायचं कास्टिंग रेझिन माथी मारतील. इथे लॅमिनेटिंगचं हवं आणि हार्डनर स्लो. आपल्याकडच्या उकाड्यात फास्ट हार्डनर ब्रश फिरवेपर्यंत घट्ट होतो. एका वेळी १५०-२०० ग्रॅमच कालवा. मगभर कालवलंत तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडतं, आणि तो धूर ८०० रुपये किलोचा! प्रमाण डब्यावर असेल तेच, डिजिटल काट्यावर मोजून. वजनाचं आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं, त्यात घोळ नको. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतं.

आता आरडी. मुदतीआधी मोडलीत तर व्याज कापलं जाईल, आणि मिळणार काय, तर पावसाळ्यात काम. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन घासला नाही तर वरचा हात धरत नाही. क्रेडिट कार्डाचं तर नावच नको.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही, वर यूव्ही वार्निश लागतंच. तो खर्च तुमच्या हिशेबात दिसत नाही, तोही आरडीतूनच काढा. आणि १० किलो एकदम उचलू नका. आधी ५ किलोचा संच घेऊन सांधे आणि आतली बाजू उरका. उरलेला अंदाज त्यावरून नेमका निघेल.