गिझरमध्ये 'तापमापक' नसतो

प्रश्न असा आहे: वाशीतल्या एका सोसायटीच्या फलकावर 'गिझरचा तापमापक बिघडल्यास पाणी उकळू शकते' अशी सूचना आहे. थर्मोस्टॅटला तापमापक म्हणता येईल का?

नाही. तापमापक म्हणजे थर्मामीटर. आकडा दाखवला की त्याचे काम संपले. थर्मोस्टॅट आकडा दाखवेलच असे नाही, पण पाणी ठरल्याइतके तापले की वीज तोडतो, निवले की जोडतो.

मग 'तापमान-नियंत्रक'? घरापुरता चालेल. पण रबाळे-महापेच्या कारखान्यांत 'टेंपरेचर कंट्रोलर' ही निराळी वस्तू आहे. तिथे भट्टीत तापमान ओळखणारा पीटी-१०० सेन्सर असतो (० अंशाला रोध १०० ओहम, १०० अंशाला सुमारे १३८.५), पॅनलवरचा कंट्रोलर तो वाचून निर्णय घेतो आणि वीज तोडतो कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच. 'नियंत्रक' हे नाव त्या मधल्या डब्याला शोभते. थर्मोस्टॅटमध्ये तिन्ही कामे एकाच तुकड्यात होतात. गिझरच्या कांडीवाल्या थर्मोस्टॅटमध्ये बाहेर पितळी नळी आणि आत इन्व्हारची कांडी असते. इन्व्हारमध्ये सुमारे ३६ टक्के निकेल, बाकी लोखंड. पितळ त्याच्या पंधरापटीहून अधिक प्रसरण पावते. नळी लांबते, कांडी जवळपास तेवढीच राहते, आणि त्या फरकानेच स्विच उघडतो.

म्हणून माझा कौल 'तापस्थापी'ला, म्हणजे ताप स्थिर ठेवणारा. 'थर्मोस्टॅट' या मूळ शब्दाचे तर आपल्याशी रक्ताचे नाते आहे: ग्रीक 'थेर्मोस' (उष्ण) आणि संस्कृत 'घर्म' एकाच कुळातले, आणि 'घर्म'चाच आपला 'घाम' झाला. 'स्टॅट'ही 'स्था' धातूचा भाऊबंद. 'उष्णता-नियंत्रक' मात्र टाळावा. उष्णता आणि तापमान एक नव्हे.

फलकावर मात्र 'थर्मोस्टॅट'च लिहावे, कारण दुकानात तोच शब्द मागावा लागतो. शिवाय त्या सूचनेतून कटआउट, म्हणजे पाणी फार तापले की वीज तोडणारा सुरक्षेचा वेगळा स्विच, सुटला आहे. थर्मोस्टॅटचे पॉइंट (स्विचमध्ये वीज जोडणारी-तोडणारी टोके) चिकटले की वीज तुटत नाही, पाणी तापतच जाते आणि शेवटी कटआउट उडतो. पुष्कळ जण त्याचे बटण दाबून गिझर पुन्हा चालू करतात. चिकटलेला पॉइंट तसाच असतो, आणि सगळी भिस्त त्या एका कटआउटवर उरते. तेव्हा सूचना अशी हवी: 'गिझरचा कटआउट उडाल्यास बटण दाबून गिझर पुन्हा सुरू करू नये. मेन स्विच बंद ठेवावा आणि इलेक्ट्रिशियनकडून थर्मोस्टॅट तपासून घ्यावा.'