सागरीला बदली झाली म्हणून तोंड पाडू नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला. एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, मिळाली नाही, सागरी पोलीस ठाण्याला टाकलं म्हणून नाराज आहेस. मी त्याच ड्युटीत सात वर्षं काढलीयत, म्हणून सांगतो.

१९९३ ला आरडीएक्स उतरलं ते आपल्या रायगडातल्या शेखाडीला, आणि २००८ ला २६/११ चे ते दहा अतिरेकी कुबेर ट्रॉलर बळकावून आले, मग रबरी बोटीतनं कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तिथे त्यांना पहिलं हटकलं ते कोळी लोकांनीच. हे डोक्यात पक्कं ठेव.

रचना सोपी आहे. पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळे तुझे साहेब एसपीच, त्यांच्यावर कोकण परिक्षेत्राचे आयजी. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना आणि बोटींना केंद्राने २००५ च्या सागरी सुरक्षा योजनेतनं पैसा दिला पण माणसं राज्याची. आपली हद्द १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. कोस्ट गार्ड संरक्षण मंत्रालयाचं, कस्टम अर्थ मंत्रालयाचं, समुद्रात दोघंही भेटतील, त्यांच्याशी नीट बोलून राहा.

आता सामानाचं. खाऱ्या हवेत काहीच टिकत नाही रे. रायफल इन्सास असो नाहीतर एसएलआर, ड्युटीवरनं आलास की आधी हत्यार पुसून तेल लाव, मग जेव. लाइफ जॅकेटचं बकल मिठाने जाम होतं, ते अंगात घालून दोनदा लावून-काढून बघ, नुसतं खुंटीवर लटकलेलं बघून सही करू नकोस.

एकदा रात्री गस्तीला आमच्या बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं, इंजिन बंद, ओहोटी लागलेली, बोट हळूहळू खडकाकडे सरकत होती आणि वॉकीटॉकीची बॅटरी उतरलेली, कारण निघताना कुणी चेकच केली नव्हती, त्यात मी पण आलो. टॉर्च हलवत बसलो. एका ट्रॉलरच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, ती बघितली, जवळ येऊन दोर टाकला, त्याच्या खलाशाने तोंडात सुरी धरून पाण्यात उडी मारली आणि जाळं कापलं. त्या तांडेलाचे कागद मी आठवड्यापूर्वी तपासले होते, तेव्हा त्याच्याच बोटीवर बसून चहा प्यायलो होतो. त्या रात्रीनंतर अनोळखी बोट दिसली की तो १०९३, म्हणजे सागरी पोलिसांची हेल्पलाइन, लावायचा आणि मग लगेच मला पण.

तू जूनमध्ये रुजू होतोयस ते बरंच झालं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. संध्याकाळी साध्या कपड्यात जाऊन त्यांच्याजवळ बस, वारा कुठला, खडक कुठे, उधाण कधी ते विचार. सागर सुरक्षा दलातली, म्हणजे पोलिसांना मदत करणारी गावातली पोरं पण तिथेच भेटतील.

आणि पोहायला येत नाही म्हणालास, ते मात्र जायच्या आधी शीक. रविवारी सकाळी भरतीच्या वेळेला खाडीवर ये, मी येतो.

तुझा काका