कृपेचा हिशोब मांडता येतो का?

उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) लागला की कृपेविषयीचे प्रश्न वाढतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीसाठी वसईच्या रमेदी मातेची (मरियेची) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, न चुकता केली. काम झालं नाही. आमच्यावर कृपा कमी आहे का? – एक भगिनी, पापडी

नाही. मागितलेलं मिळणं वेगळं आणि कृपा वेगळी. देव स्वतःचं जीवन माणसाला, त्याची लायकी न बघता देतो, ती कृपा. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करतो. काटा निघत नाही. त्याला उत्तर मिळतं ते एवढंच, की माझी कृपा तुला पुरे. नोव्हेनाचं मूळही येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषितांनी वाट पाहत केलेल्या प्रार्थनेत आहे. त्यात कसलाही सौदा नव्हता. आपल्याकडे नवस फेडायची सवय मुरलेली, म्हणून दिवस आणि मेणबत्त्या मोजल्या जातात. एक दिवस खाडा झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारेही आहेत. त्याची काही गरज नाही. प्रार्थना चालू ठेवा, आणि नोकरीचे अर्जही.

प्रश्न : कृपा फुकट, तर मग उपास कशाला? – नंदाखाल

कृपा विकत घेण्यासाठी नव्हे, हे आधी मान्य करू. इ.स. 529 च्या, फ्रान्समधल्या ऑरेंजच्या चर्च परिषदेने तर विश्वास ठेवावा ही पहिली इच्छासुद्धा कृपेचंच काम ठरवली. 1547 मध्ये ट्रेंटच्या चर्च परिषदेने दुसरी बाजू सांगितली : कृपेने हलवलेला माणूस होकार देऊ शकतो, तसा नकारही. उपास हा त्या होकाराचा सराव.

नियम सोपा आहे. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवण. बाकी दोन वेळा थोडंसं, पण दोन्ही मिळून पूर्ण जेवणाइतकं होऊ नये. वय 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत हे लागू; आजारी माणसं आणि गरोदर स्त्रियांना सूट. मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणून त्या दिवशी सुरमई-पापलेटचा बेत आखणाऱ्यांनी नियम पाळला, उपास नाही.

प्रश्न : वर्षभर प्रार्थनेत मन कोरडं आहे. देवाने पाठ फिरवली का? – आगाशी

स्पेनमधली संन्यासिनी, आविलाची संत तेरेसा (1515–1582) हिने आत्मचरित्रात प्रार्थनेला बाग शिंपण्याची उपमा दिली आहे. पाणी चार प्रकारे मिळतं : विहिरीतून हाताने शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने आणि पावसाने. कष्ट कमी होत जातात, पाणी वाढत जातं. रहाट पाहिलेल्या वसईकराला हे समजावून सांगायला नको. विहीर कोरडी पडली तर? माळ्याने आपलं काम करावं, पाण्यावाचूनही देव फुलं जगवतो, असं ती म्हणते. स्वतः तीच कित्येक वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे कान लावून असायची.

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस कोरडेपणाची तीन कारणं देतो : आपला आळस, आपली परीक्षा, आणि गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. पहिलं कारण आधी तपासा. प्रार्थना रात्री अंथरुणात, मोबाइल हातात धरून होत असेल तर दोष कृपेचा नाही. पहाटे 15 मिनिटं ठरवा, एकच स्तोत्र घ्या, मन भटकलं की त्याच ओळीवर परत या. कंटाळा आला तर वेळ कापू नका; उलट दोन मिनिटं जास्त बसा. या काळात आधी घेतलेला कोणताही मोठा निर्णय बदलू नका, हा इग्नेशियसचा सर्वांत उपयोगी नियम. मात्र झोप आणि भूकही गेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. तो आजार असू शकतो.

प्रश्न : दर पापनिवेदनात (फादरांपुढे पाप कबूल करताना) तेच पाप : भावावर राग. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? – नाव नको

पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो. पुन्हा घडणारच नाही याची हमी कोणी मागत नाही. बहुतेकांचं चुकतं ते मोघम बोलण्यात. ‘मी रागीट आहे’ हे वर्णन झालं. कोणावर, किती वेळा, कशावरून, हे सांगा. भांडण वाडीच्या पाण्याच्या पाळीवरून होत असेल तर पाळ्या तिऱ्हाइतासमोर लिहून ठेवणं हाही निश्चयाचाच भाग. फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी करा, नंतर विसरतं.

प्रश्न : माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. ‘केवळ कृपा’ यावर दर नाताळला वाद. खरं कोणाचं? – वेंगुर्ला

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे लुथरन या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्माला लावते. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड या आणखी दोन प्रोटेस्टंट पंथांचे जागतिक संघ त्यात सामील झाले. संस्कार किती आणि पोपचा अधिकार कुठवर, हे मतभेद शिल्लक आहेत. पुढच्या नाताळला वादाला ते विषय घ्या.