फ्रेंच प्रेस म्हणजे डेबियन, मोका पॉट म्हणजे डॉस

तुमचे प्रश्न तीन आहेत. फ्रेंच प्रेस म्हणजे विंडोज आणि एस्प्रेसो म्हणजे लिनक्स, ही कॉफीची भांडी आणि संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिम यांची तुमच्या मित्राने लावलेली जोडी बरोबर आहे का? घरात ड्रिप मशीन आणि व्ही६० (कागदी फिल्टर लावून हाताने पाणी ओतायचा शंकू) असताना पुढे काय घ्यावं? आणि बिया त्याच, कृती तीच, तरी व्ही६०ची कॉफी एक दिवस आंबट आणि दुसऱ्या दिवशी कडू का होते? तिसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

अशा जोड्या लावताना बहुतेक जण सोपं काय आणि अवघड काय, एवढंच बघतात. मी दोन गोष्टी बघतो. किती निर्णय आपल्या हातात आहेत, आणि बिघडलं तर दोष कुठे आहे ते कळतं का. काही सिस्टिममध्ये लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडला की चुकीची ओळ सापडते, काहींमध्ये ‘काहीतरी चुकलं’ एवढाच निरोप मिळतो. कॉफीच्या भांड्यांचंही अगदी तसंच असतं.

या कसोटीवर फ्रेंच प्रेस विंडोजच्या जवळपासही येत नाही. तो डेबियन स्टेबल, म्हणजे लिनक्सची जपून बदलणारी आवृत्ती, आहे. नवं काही नाही, पण मोडतही नाही. न मोडण्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. दांड्याला जाळी लावलेल्या या भांड्यात सगळी पूड सगळ्या पाण्यात बुडलेली असते, त्यामुळे हात थरथरला, धार वाकडी पडली तरी फरक पडत नाही. शिवाय भोवतालच्या पाण्यात कॉफी जसजशी उतरत जाते, तसतसं पुढचं उतरणं आपोआप मंदावतं. म्हणून मिनिटभर उशीर झाला तरी कप वाया जात नाही. ३० ग्रॅम पूड, ५०० ग्रॅम उकळून लगेच उतरवलेलं पाणी, चार मिनिटं. मग वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि आणखी पाच मिनिटं हात लावायचा नाही. दांडा तळापर्यंत दाबू नका, जाळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकली की थांबा आणि हळू ओता. गाळ येतो अशी तक्रार करणारे बहुतेक जण दांडा जोरात खाली दाबतात, त्याने तळाशी बसलेली बारीक पूड पुन्हा वर उठते.

डेबियनला जसे सुरक्षेचे अपडेट लावावे लागतात, तशी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. धातूच्या जाळीतून कॉफीचं तेल कपात येतं, आणि त्यातल्या कॅफेस्टॉल या घटकामुळे रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल वाढतं. कागदी फिल्टर ते बऱ्याच अंशी अडवतो. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याने प्रेसमधली कॉफी कागदातून गाळून घ्यावी.

विंडोज म्हणायचंच तर तुमच्याकडच्या ड्रिप मशीनला म्हणा. ऑफिसात असतं, घरात असतं, बटण दाबलं की दहा कप तयार होतात. मशीन ठीक आहे, घात करते ती खालची तापती पट्टी. संगणक सुरू होताच पंधरा प्रोग्रॅम आपणहून उठून बसावेत, तशी ती न सांगता चालू राहते आणि अर्ध्या तासात चांगल्या कॉफीला करपट करून टाकते. उपायही सारखाच आहे. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन स्टार्टअपचे प्रोग्रॅम बंद करतो ना, तशी कॉफी उतरली की लगेच थर्मासमध्ये ओता आणि पट्टी बंद करा. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली अशाच एका ड्रिप मशीनच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, म्हणजे जागेवरून न उठता कॉफी शिल्लक आहे का ते कळावं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरातून लोक ते बघत होते. पण भांडं भरलेलं आहे की रिकामं, एवढंच त्यात दिसे. कॉफी पट्टीवर किती वेळ तापत पडली आहे, हे त्या चित्रावरून कळत नसे, आणि चव तर त्यावरच ठरते.

मोका पॉट आणि एमएस-डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची कमांड टाइप करून चालवायची सिस्टिम, ही माझी सगळ्यात आवडती जोडी आहे. आल्फोन्सो बियालेत्ती यांनी हे भांडं १९३३ साली इटलीत आणलं आणि आजही ते जवळपास तसंच आहे. डॉसवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतो, त्याला सगळी मेमरी मोकळी, आणि तो अडकला तर त्याला बाजूला सारणारं वर कोणी नाही. मोकाचंही तेच. आच लागली, वाफेच्या दाबाने खालच्या भांड्यातलं पाणी पुडीतून वर चढू लागलं, की मध्ये थांबा म्हणायची सोय नाही. थांबवायचं असेल तर स्वतः उचलून गार नळाखाली धरायचं. हे त्याचं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, आणि ते वेळेवर दाबणं हीच मोकातली खरी कला आहे.

क्रम असा ठेवा. खालच्या भांड्यात उकळतं पाणी, सुरक्षा झडपेच्या जरा खालपर्यंत. गार पाणी घातलं तर ते तापेपर्यंत पूड कोरडीच भाजत बसते आणि करपट वास येतो. भांडं आता गरम आहे, तेव्हा फडक्याने धरून पेच आवळा. पूड जाळीच्या कपात काठोकाठ भरा, वरून बोटाने सपाट करा, पण दाबू नका. एस्प्रेसोसारखी दाबून भरली तर दाब वाढतो, वाफ रबराच्या कडेने फुसफुसू लागते आणि शेवटी झडप उडते. दळण बारीक मिठापेक्षा किंचित बारीक, एस्प्रेसोइतकं नाही. आच मंद, झाकण उघडं. आधी गडद धार येते, मग मधाच्या रंगाची, मग फिकट होऊन भुरभुर आवाज सुरू होतो. तो आवाज आला की नळाखाली. त्यानंतर वर येतं ते वाफेने ढकललेलं कडू पाणी, आणि लोक मोकाला कडू म्हणतात ते बहुतेक यामुळेच. तीन कपांचा पॉट अर्धा भरूनही चालत नाही. कमी लागत असेल तर लहान पॉट घ्या.

व्ही६० म्हणजे आर्च लिनक्स, सगळं स्वतः जुळवून घ्यायची लिनक्सची आवृत्ती, यावर फारसं दुमत नसावं. साठ अंशांचा शंकू, आत वळणदार कडा, खाली एकच मोठं भोक. पाणी अडवणारं त्यात काहीच नाही. म्हणजे वेग ठरतो तो दळणावर आणि तुमच्या हातावर, भांडं स्वतःहून काही सावरून घेत नाही. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी, मध्यम भाजलेल्या बियांना साधारण ९४ अंश. फिल्टर आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर कागदाची चव उतरते. पहिलं ४५ ग्रॅम पाणी ओतून ४५ सेकंद थांबा. ताज्या बियांतला कार्बन डायऑक्साइड तेवढ्यात निघून जातो, नाहीतर तो पाण्याला पुडीत शिरू देत नाही. सव्वा मिनिटाला १५० ग्रॅमपर्यंत, १ मिनिट ५० सेकंदांना २५० पूर्ण. तीन मिनिटांच्या आसपास पाणी उतरून गेलं पाहिजे.

आर्चमध्ये अर्धवट अपडेट करू नये, असं त्यांचे जाणकार पुन्हा पुन्हा बजावतात. एकच पॅकेज नवं आणि बाकी सिस्टिम जुनी, की लायब्ररींचा, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामाईक भागांचा, मेळ तुटतो. व्ही६०वाले नेमकं हेच करतात. एकाच्या कृतीतलं दळण घेतात, दुसऱ्याच्या कृतीतलं पाणी, तिसऱ्याची पाच वेळा ओतण्याची पद्धत. कृती घ्यायची तर अख्खी घ्या, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

एस्प्रेसोला नुसतं लिनक्स म्हणून भागत नाही. ते लिनक्सचीच एक आवृत्ती असलेलं जेंटू आहे. सगळं सोर्सपासून, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ कोडपासून, स्वतः बांधायचं, एक फ्लॅग (बांधणीचा पर्याय) बदलला की पुन्हा बांधायचं. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, साधारण नऊ बारचा दाब. पंधरा सेकंदांतच धार संपली तर आंबट आणि पाणचट, दळण बारीक करा. पंचेचाळीस लागले तर कडू, दळण जरा भरड करा. नवी पिशवी उघडली की हा सगळा खेळ पहिल्यापासून.

इथे एक जागा अशी आहे जिथे शिकणारे आठवडे घालवतात. ग्राइंडरची चकती फिरवून दळण बारीक केलं तरी आतल्या नळीत मागच्या मापाची एक-दोन ग्रॅम पूड अडकलेली असते. ती पुढच्या कपात मिसळते आणि बदलाचा परिणाम उलटाच दिसतो. जुन्या ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे आधीच्या बांधणीचे उरलेले तुकडे, तशाच ठेवून नवा प्रोग्रॅम बांधला की जे होतं तेच. तिथे आपण ‘मेक क्लीन’ करतो, म्हणजे ते तुकडे पुसून टाकतो, इथे दोन ग्रॅम दळून फेकून द्यायचे आणि मगच मोजायचं. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे पाणी एकाच फटीतून धावतं. खालून बघितलं तर बारीक चिळकांड्या उडताना दिसतात, आणि त्याच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. दाबण्याआधी बारीक सुयांनी पूड सगळीकडे मोकळी करा, गुठळ्या फोडा, मग सपाट दाबा. जोर किती लावला यापेक्षा पृष्ठभाग तिरका नाही ना, हे महत्त्वाचं.

बाकीच्या जोड्या भराभर सांगतो. बिया टाकून बटण दाबायचं पूर्ण स्वयंचलित यंत्र म्हणजे मॅकओएस. वरून गुळगुळीत, पण आत खराखुरा पंप, खरा ग्राइंडर आणि खरं एस्प्रेसोचं इंजिन आहे, जसं २००१ पासून मॅकच्या पोटात युनिक्स आहे. आतला ब्रू ग्रुप, म्हणजे पूड दाबून कॉफी काढणारा भाग, निघत असेल तर आठवड्यातून एकदा नळाखाली धुवा. कॅप्सूलचं यंत्र म्हणजे क्रोमओएस: सिस्टिमचा भाग कुलूपबंद, बिघडायला वाव कमी आणि बदलायलाही. एरोप्रेस, म्हणजे हाताने दाबून कॉफी काढायची नळी, हा खिशातला लाइव्ह यूएसबी, कुठल्याही संगणकाला लावून चालवायची सिस्टिम. ॲलन ॲडलर यांनी तो २००५ साली आणला. कुठेही न्या, १५ ग्रॅम पूड, २२० ग्रॅम पाणी, दोन मिनिटं, मग अर्ध्या मिनिटात हळू दाबा आणि सुस्स आवाज आला की थांबा. कोल्ड ब्रू म्हणजे जुन्या मेनफ्रेमवरचं (मोठ्या संगणकावरचं) बॅच काम, एकदा लावून निकालाची वाट बघायचं. १०० ग्रॅम भरड पूड ८०० ग्रॅम पाण्यात, फ्रिजमध्ये सोळा तास. संध्याकाळी काम लावा, सकाळी निकाल घ्या. दळण चुकलं असेल तर तेही सकाळीच कळतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की ग्राइंडर पात्याचा आहे. दोष तिथेच आहे. पातं दाणे दळत नाही, तोडतं. काही तुकडे मोठे राहतात, काहींची धूळ होते. मोठ्या तुकड्यांतून कॉफी पुरती उतरत नाही म्हणून आंबट, धुळीतून जास्त उतरते म्हणून कडू. दोन्हींचं प्रमाण रोज वेगळं, म्हणून चवही रोज वेगळी. ही खराब रॅम आहे. खराब रॅमवर विंडोज काढून आर्च टाका, आर्च काढून डेबियन टाका, आज इथे अडकेल, उद्या तिथे. अशा वेळी नवं भांडं घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रॅमची चाचणी असते तशी इथेही आहे. चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात बघा. मग कागद तिरका करून टिचकी मारा. मोठे तुकडे घसरून जातात आणि कागदाला चिकटलेली धूळ मागे राहते. हीच धूळ फिल्टरच्या छिद्रांत बसते, आणि ज्या दिवशी ती जास्त, त्या दिवशी पाणी उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात.

तेव्हा पैसे खर्च करायचे तर आधी जात्यासारखा, दोन दातेरी भागांमध्ये दाणे भरडणारा ग्राइंडर घ्या. हाताने फिरवायचा चालेल. एस्प्रेसो करायचा नसेल तर विजेचा लागतोच असं नाही. तो येईपर्यंत आहे तोच पात्याचा ग्राइंडर सलग न चालवता दोन-दोन सेकंद चालवा, मध्ये उचलून हलवा, असं आठ-दहा वेळा. मग बारीक गाळणीतून धूळ झाडून टाका आणि जाळीवर राहिलेली पूड १५ ग्रॅम भरेल अशी मोजा. नवा ग्राइंडर आल्यावर पहिले चार-पाच दिवस व्ही६०ची कृती जशीच्या तशी ठेवा आणि फक्त पाणी उतरायला लागलेला वेळ लिहून ठेवा. रोजचा आकडा दहा-पंधरा सेकंदांच्या आत जुळू लागला की मग दळणाला हात लावा, एका वेळी एकच खाच.