गाणं विरलं, तरी थांब

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

एल्विस प्रेस्लीचं ‘सस्पिशस माइंड्स’ बसवायला घेतलंस हे वाचून फार आनंद झाला. माझं हे सगळ्यात लाडकं गाणं. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. सूर पक्के आहेत, गिटारही छान लागलीय. फक्त पहिल्या ओळीपासून तू भांडायला उभा राहिल्यासारखा गातोस.

यातला माणूस भांडत नाही रे, विनवतोय. दोघं सापळ्यात अडकलेत आणि निघून जावं तर जीव जडलेला. कुणी जुनं माणूस नुसतं विचारपूस करायला दारात आलं, तरी तुझ्या डोळ्यांत मला संशयच दिसणार का, असं तो तिला विचारतो. तिथे आवाज खाली आण. हा प्रश्न ओरडून विचारायचा नाही.

गाणं लिहिलं मार्क जेम्सनं, १९६८ साली. त्याचं लग्न झालेलं होतं, पण बालपणीची मैत्रीण मनातून जात नव्हती आणि बायकोला ते जाणवत होतं. म्हणजे गाण्यातला नवरा वाटतो तितका निर्दोष नाही. हे डोक्यात ठेवून ‘मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही’ या अर्थाची ओळ गाऊन बघ, आवाजात आपसूक कापरं येईल. त्याची स्वतःची रेकॉर्ड चालली नाही. मग जानेवारी १९६९मध्ये मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत, भल्या पहाटे, एल्विसनं ते गायलं, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत (बिलबोर्ड हॉट १००) ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या हयातीत तिथे पुन्हा त्याचं कुठलं गाणं तिथवर पोचलं नाही. त्यानं स्वतःचाच संसार गायला असं पुष्कळजण मानतात. त्याचा घटस्फोट १९७३चा, तेव्हा ती गोष्ट यात कोंबू नकोस.

आता मधला भाग. तिथवर चारचा सरळ ठेका धावत असतो, आणि एकदम लय उतरून सहाच्या झोक्यावर येते, आपल्या दादऱ्यासारखी. अश्रू पूस, आपलं प्रेम मरू देऊ नकोस, असं तो तिथे म्हणतो. इतका वेळ येरझाऱ्या घालणारा माणूस तिच्या शेजारी येऊन बसावा, तसं होतं ते. तू हा भाग त्याच धावत्या ठेक्यात नेलास. मला मनापासून वाईट वाटलं.

आणि शेवट कापलास तो का? एल्विसच्या रेकॉर्डवर साडेतीन मिनिटांनंतर आवाज हळूहळू बुडत जातो, गाणं संपलंसं वाटतं, आणि सापळ्याची तीच ओळ खालून पुन्हा वर येते. काहींना ती नुसती करामत वाटते. मला तसं कधीच वाटलं नाही. विषय संपला म्हणून दिवा मालवावा आणि अंधारात दोघांपैकी एकानं पुन्हा तेच काढावं, हे ज्या घरात घडतं तिथलाच तो आवाज आहे.

कार्यक्रमात तुम्हाला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, कुणी ओढून देणार नाही, हातांनीच करावं लागेल. आधी ड्रम हलके होऊ देत, मग गिटार, सगळ्यात शेवटी तू. लोक टाळ्या वाजवू लागतील. वाजवू देत. चार मात्रा मोज आणि कोरसला खूण कर.

रविवारी सकाळी ये, दादऱ्याची जागा आपण दोघं बसून नीट करू. ड्रमवाल्यालाही आण.

तुझा,
सर