तीनशेच्या भावात पुढची सहा वर्षं आधीच मोजली आहेत

प्रश्न : मी सोलापूरचा, वय ४९. साखर पेठेतली वडिलांच्या वेळची जागा आणि तिथले ८ माग विकले, २२ लाख हातात आले. घरामागच्या शेडमध्ये ४ माग टॉवेलवर चालू आहेत. मुलगी अकरावीत आहे, पुढे इंजिनिअरिंगला जाईल. माझा भाचा पुण्यात पाण्याखालच्या सर्वेक्षणाची आणि सोनारची (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा वेध घेणारी) यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीची विक्री दोन वर्षांत ९ कोटींवरून २१ कोटींवर गेली. हातात ४० कोटींच्या ऑर्डर आहेत. दोन-तीन वर्षांत आयपीओ, म्हणजे शेअर बाजारात पहिली जाहीर विक्री, येणार म्हणतात. एका एजंटमार्फत ३०० रुपयांनी शेअर मिळतोय, किमान ५ लाखांचे घ्यावे लागतात. १५ लाख घालू का? ताळेबंद सोबत पाठवला आहे.

उत्तर : १५ लाख घालू नका. या भावाला किमान रकमेचे ५ लाखही घालू नका. कंपनी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. ताळेबंद पाहिला, विक्री खरी वाटते आणि या मालाला मागणीही आहे. अडचण भावाची आहे आणि रोकडीची.

मागणी का आहे ते आधी पाहू. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्राने नकाशे आणि सर्वेक्षणाचं क्षेत्र भारतीय खासगी कंपन्यांना मोकळं केलं. त्याच वर्षी ४,०७७ कोटींच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी मिळाली आणि धरण सुरक्षा कायदाही झाला. पालघरचं वाढवण बंदर मंजूर आहे. बंदर म्हटलं की गाळ उपसण्याआधी एकदा आणि उपसल्यावर पुन्हा एकदा तळ मोजावा लागतो. तेव्हा भाचा सांगतोय ती वाढ हवेतली नाही.

आता हे काम चालतं कसं ते बघा, कारण पैसा अडकतो तो इथेच. आपल्या उजनीचं उदाहरण घ्या. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. गाळ किती साचला ते बोटीखाली सोनार लावून मोजतात. आवाज तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली निघते. पण पाण्यात आवाजाचा वेग ठरलेला नसतो. पाणी एका अंशाने तापलं की तो सेकंदाला दोन ते चार मीटरने वाढतो. समजा खरा वेग १,४८० मीटर आहे आणि यंत्रात समुद्राच्या सवयीने १,५०० भरला. तर ३० मीटर खोलीला ४० सेंटीमीटरची चूक होते. तेवढ्या खोलीच्या एका चौरस किलोमीटरवर ही चूक ४ लाख घनमीटर भरते. खोली जास्त दिसली म्हणजे तेवढा गाळ कागदावरून गायब. म्हणून दिवसातून काही वेळा वेगमापक तळापर्यंत सोडून वेगाचा आलेख घ्यावा लागतो. बोट किती डोलते आणि वर-खाली होते ते मोजणारा सेन्सर लागतो, उपग्रहावरून अचूक जागा सांगणारा रिसीव्हर लागतो. यातला एक जरी नीट जुळवलेला नसेल तर अहवाल परत येतो, आणि फेरमोजणी कंपनीच्या खर्चाने होते.

शिवाय उथळ पाण्यात काम हळू चालतं. बहुकिरणी सोनार (एकाच वेळी अनेक दिशांनी तळ मोजणारा) एका फेरीत साधारण खोलीच्या तीन-चार पट रुंद पट्टा टिपतो. ५ मीटर पाण्यात तो पट्टा जेमतेम १५-२० मीटरचा, म्हणजे बोटीच्या फेऱ्याच फेऱ्या. धरण भरलेलं असतानाच ते पूर्ण मोजता येतं, आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात छोट्या बोटी समुद्रात नेता येत नाहीत. परिणामी बहुतेक बिलं ऑक्टोबर ते मार्चमध्ये निघतात आणि पगार मात्र बारा महिने द्यावे लागतात.

हे गणित तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. सूतवाला पंधरा दिवसांत पैसे मागतो, टॉवेलचा व्यापारी तीन-चार महिन्यांनी देतो. माग वाढवले की नफा वाढतो, आणि त्याच्या आधी उधारी वाढते. तुम्ही पाठवलेल्या ताळेबंदात नेमकं हेच आहे. २१ कोटींच्या विक्रीवर ११ कोटी येणं बाकी, म्हणजे सरासरी १९१ दिवसांची उधारी. सुटे भाग आणि अर्धवट यंत्रांत आणखी ५ कोटी. कागदावर नफा २ कोटी, पण धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड उणे ३ कोटी. ती तूट बँकेच्या कर्जाने आणि नव्या भागधारकांच्या पैशाने भरली जाते.

३१ मार्चचा आकडा काहीसा फुगलेला असतो हे मान्य. सरकारी बिलं मार्चअखेरीस निघतात, त्यामुळे त्या दिवशी येणं जास्त दिसतं. म्हणून ३० सप्टेंबरची येणेबाकी मागा, आणि त्यात सहा महिन्यांहून जुनी किती ते वेगळं विचारा. सप्टेंबरमध्येही मोठी रक्कम तशीच असेल, तर कुठलं तरी यंत्र चाचणीत अडकलंय असं समजा. जहाजावर बसवायच्या सोनारची आधी बंदरात चाचणी होते, मग समुद्रात. मोठा हप्ता बहुधा त्यानंतर सुटतो. जहाज मोकळं नसेल तर यंत्र तयार असूनही बिल थांबतं. वर सुरक्षा ठेव म्हणून कामाच्या ३ ते ५ टक्क्यांची बँक हमी लागते, आणि तिच्यासाठी कंपनीचे पैसे मुदत ठेवीत गुंततात.

४० कोटींच्या ऑर्डर या शब्दावर विसंबू नका. सही झालेले कार्यादेश किती, देखभालीचे करार किती, आणि फक्त सर्वात कमी दराची निविदा ठरली म्हणून मोजलेलं काम किती, हे तीन आकडे वेगळे मागा. तिसऱ्या प्रकारातलं काम रद्दही होऊ शकतं, त्याला मी शून्य धरतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की कंपनी स्वतः काय बनवते? आवाज सोडणारा आणि ऐकणारा ट्रान्सड्यूसर, त्यामागचं इलेक्ट्रॉनिक्स आणि आकडे जुळवणारं सॉफ्टवेअर, सोनारचा जीव या तिन्हीत आहे. परदेशी सोनार आणून आपल्या बोटीवर बसवला, तर कंपनीकडे उरतो तो जुळणीचा आणि व्यापाराचा नफा, आणि रुपया घसरला की तोही आटतो. ताळेबंदाच्या टिपांत आयात मालाची किंमत असते. ती विक्रीच्या निम्म्याच्या वर असेल, तर ‘तंत्रज्ञान कंपनी’ म्हणून जादा भाव देऊ नये. विकासाधीन अमूर्त मालमत्ता ही ओळही पाहा. ती दरवर्षी फुगत असेल, तर इंजिनिअरांचे पगार खर्चात न टाकता मालमत्तेत टाकले जात असण्याची शक्यता आहे, आणि मग २ कोटींचा नफाही तेवढा उरत नाही.

आता भाव. कंपनीचे ५० लाख शेअर आहेत. ३०० रुपयांनी सगळ्या कंपनीची किंमत १५० कोटी झाली, म्हणजे नफ्याच्या ७५ पट. समजा सगळं चांगलं घडलं आणि नफा सलग सहा वर्षं दरसाल २५ टक्क्यांनी वाढला. २ कोटींचे सुमारे ७.६३ कोटी होतील. तोवर कंपनी मोठी झालेली असेल, तेव्हा बाजार नफ्याच्या २५ पट भाव देईल असं धरू. किंमत झाली सुमारे १९०.७ कोटी. पण उधारी भागवायला मधल्या काळात नवे शेअर काढावे लागतील. ५० लाखांचे ६५ लाख झाले, तर एका शेअरचे येतात २९३ रुपये. कंपनी जवळजवळ चौपट नफा कमावणार आणि तुम्ही सहा वर्षांनी शेअरमागे ७ रुपये तोट्यात. तेच पैसे दरसाल ७ टक्क्यांनी ठेवले असते तर दीडपट झाले असते. बाजाराने २५ऐवजी ४० पट दिली तरी भाव ४७० रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे वर्षाला आठ टक्क्यांहून थोडं कमीच. एवढ्याशासाठी एवढी जोखीम घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बाहेर पडायचा रस्ताही अरुंद आहे. बाजारात नोंदणी नसलेला शेअर हवा तेव्हा विकता येत नाही, खरेदीदार शोधावा लागतो. कंपनी प्रायव्हेट असेल तर हस्तांतराला संचालक मंडळाची परवानगी लागते. आयपीओ आला तरी आधीच्या भागधारकांचे शेअर मुख्य बाजारात सहा महिने आणि छोट्या कंपन्यांच्या एसएमई मंचावर एक वर्ष गोठलेले राहतात. पहिल्या दिवशीचा उसळलेला भाव तुम्हाला मिळणार नाही.

एजंटला एकच विचारा : हे शेअर कंपनी नव्याने देते आहे, की जुना भागधारक विकतो आहे? जुना विकत असेल तर तुमच्या पैशातला एक रुपयाही कंपनीत जात नाही, आणि जाणकार माणूस आत्ताच का निघतोय हाही प्रश्न आहे. कंपनी देत असेल तर तुमच्या नावाचं, अनुक्रमांक घातलेलं पीएएस-४ हे प्रस्तावपत्र आलं पाहिजे. पैसे तुमच्या खात्यातून कंपनीच्या त्यासाठीच्या वेगळ्या बँक खात्यातच जायला हवेत. ६० दिवसांत वाटप व्हायला हवं, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परतफेड. एजंटच्या खात्यात पैसे मागितले तर तिथेच थांबा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात. तिथला ताळेबंद आणि एजंटने दिलेला ताळेबंद ओळीला ओळ लावून बघा. कर्जापोटी बँकेकडे काय गहाण आहे तेही तिथेच दिसतं.

तुमच्या २२ लाखांबद्दल. सगळ्यात आधी कर. विकलेल्या जागेतल्या शेडवर आणि ८ मागांवर घसारा (दरवर्षीच्या झिजेची करातली वजावट) घेत आला असाल, तर त्यांच्यावरचा नफा ते कितीही जुने असले तरी अल्पकालीन धरला जातो. जमिनीचा नफा दीर्घकालीन. वडिलांनी ती २००१ पूर्वी घेतली असेल तर १ एप्रिल २००१चं मूल्यांकन करून घ्या, आणि १२.५ टक्के किंवा महागाईची वजावट घेऊन २० टक्के, ही दोन्ही गणितं सीएकडून मांडून घ्या. नेमका आकडा येईपर्यंत २ लाख बाजूला. आगाऊ कराचा पुढचा हप्ता चुकवला तर व्याज लागतं. मुलीची पहिली फी दोन वर्षांत भरायची आहे, म्हणून ८ लाख चार वेगवेगळ्या मुदत ठेवींत ठेवा. एकेक ठेव एकेका वर्षाच्या जूनमध्ये संपेल अशी मुदत घ्या. घरखर्च आणि ४ मागांच्या सुतासाठी ४ लाख, लगेच काढता येतील असे. मंदीत माग थांबले तर घर यावरच चालेल. उरलेल्या ८ लाखांपैकी ६ लाख लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांचा, लगेच काढता येणारा फंड) ठेवून दीड वर्षात दर महिन्याला थोडे थोडे निफ्टी ५० इंडेक्स फंडात (त्या निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) वळवा. नौदलासाठी सोनार बनवणारी भारत इलेक्ट्रॉनिक्स सप्टेंबर २०२४पासून त्या निर्देशांकातच आहे, तेव्हा या क्षेत्राचा थोडा वाटा तुम्हाला तिथेही मिळतो.

राहिलेले २ लाख एफडीत ठेवा. भाच्याची कंपनी किमान रक्कम २ लाखांवर आणायला आणि भाव १५० च्या खाली आणायला तयार झाली, सप्टेंबरच्या येणेबाकीचा कागदही समाधानकारक निघाला, तर ते तिथे घालायला माझी हरकत नाही. मात्र सात वर्षं ते पैसे नाहीतच असं धरून घाला. आणि हे कागद भाच्याकडे मागू नका, कंपनीच्या लेखा विभागाकडे लेखी मागा. नोकरीतल्या पोराला मामासाठी मालकाच्या दारात उभं करणं बरं नाही, आणि त्याला स्वतःला कंपनीकडून शेअर मिळालेले असतील तर त्याचा सल्ला तटस्थ राहत नाही.